टॉफीच्या डब्यातला ट्रॅकर

टॉफीच्या डब्यात मावतो तो.
झाकणाला भोक, भोकातून वायर,
व्हॅनच्या टपावर चुंबकानं धरलेली वीतभर अँटेना.
इडवालनं तीन रविवार खपून जोडला,
चौथ्या रविवारी माझ्या नव्या टेबलक्लॉथवर सोल्डर सांडली.

व्हॅन पुस्तकांची. फिरतं वाचनालय.
वेल्समधल्या आमच्या दऱ्यांत मेंढ्या उदंड, वाचक मोजके,
तरी दर बुधवारी नऊ थांबे,
नवव्या थांब्यावर एकच बाई.

मी स्वयंपाकघरात.
खिडकीत त्याचा जुना रेडिओ,
एकशे चव्वेचाळीस पूर्णांक आठवर लावलेला.
दर दोन मिनिटांनी खर्रर्र,
कापड टरकावं तसा आवाज, उचकीएवढा.
त्यात अक्षांश, रेखांश, वेग, दिशा, त्याचं कॉलसाइन,
आणि शेवटी त्यानं एकदाच भरून ठेवलेली ओळ:
"आधण एवढ्यात ठेवू नकोस."
फाटकाशी पोचला तरी तीच ओळ येते.
मी आधण ठेवलेलं असतं.

वळणं आली की यंत्र जास्त बोलतं,
सरळ रस्त्यावर गप्प.
नवरा नेमका उलटा.

कुम हेलीत उतरला की तो नकाशावरून जातो.
मग टेकडीवरचा रिपीटर,
मेंढ्यांच्या कुंपणात उभा, गंजक्या पेटीत,
कुठून तरी त्याचं अर्धं वाक्य पकडतो
आणि पुढच्या टेकडीला सांगतो.
ऐकलेलं जसंच्या तसं पुढे सांगणारा
या पंचक्रोशीत तो एकटाच.

जानेवारीतल्या एका बुधवारी
बर्फ पडू की नको करत होता.
सव्वातीनला ठिपका नवव्या थांब्यावर थांबला.
साडेतीन. पावणेचार.
मग खर्रर्र बंद.
मी रेडिओचं बटण उगाच पुसलं.
टेकडीवाल्या तोमोसला फोन केला,
तो म्हणाला, माझी पेटी जागी आहे,
बोलणाराच बोलत नाहीये.

चार वाजून अकरा मिनिटांनी ठिपका उगवला
आफ्रिकेच्या कुशीत, भर समुद्रात.
शून्य अंश उत्तर, शून्य अंश पूर्व,
वेग शून्य.
आमची पुस्तकांची व्हॅन,
दोन हजार कादंबऱ्या, लहान मुलांचा कोपरा,
मोठ्या टायपातलं कपाट,
सगळं विषुववृत्तावर कोरडं उभं,
आणि खाली तीच ओळ, आधण एवढ्यात ठेवू नकोस.

मला ठाऊक होतं.
वीज जाऊन आली की यंत्र आधी उपग्रह शोधतं,
सापडेपर्यंत माहीत नाही म्हणायला
त्याला शून्यच येतं.
ठाऊक असूनही मी त्या निळ्या पाण्याकडे बघत
खुर्चीच्या कडेवर बसून राहिले.

चार सतराला तो वेल्समध्ये परतला,
ताशी बावीस मैलांनी.

घरी आला तेव्हा बुटांना बर्फ, आवाज बसलेला.
मिसेस प्रदर्चला आता मोठा टायपही दिसत नाही.
शेवटची दोन प्रकरणं त्यानं व्हॅनच्या पायरीवर बसून वाचली,
हीटर चालू, इंजिन बंद,
बॅटरीनं मान टाकली.
शेजारच्या शेतावरच्या पोरानं ट्रॅक्टर लावून सुरू करून दिली.
"खुनी कोण निघाला?" मी विचारलं.
"माळी," तो म्हणाला. "तिला पहिल्याच प्रकरणात कळलं होतं."
"मग?"
"मग काय. तिला ऐकायचं होतं."

डबा त्यानं टेबलावर ठेवला, बंद करायला विसरला.
तो जेवून झोपला.
मी रात्री नकाशा उघडला तर
ठिपका आमच्या घरावर होता,
पण एका जागी नव्हता.
कधी कोबीच्या वाफ्यात,
कधी शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर,
एकदा तर रस्ता ओलांडून चॅपेलच्या भिंतीपर्यंत.
डबा जागचा हलला नव्हता.
आकाशातूनच मोजमाप तेवढं डुलत होतं.

खर्रर्र.
मी आवाज कमी केला,
बंद नाही केला.